वाचकांचे प्रश्न : विकतचे सॉफ्टवेअर, मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आणि रोजचे काम

या महिन्यात नागपूर आणि परिसरातून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. ज्या प्रोग्रामचा मूळ सोर्स कोड (म्हणजे तो ज्या सूचनांनी लिहिला आहे त्या सूचना) कोणालाही वाचता, बदलता आणि पुन्हा वाटता येतो तो मुक्तस्रोत (ओपन सोर्स), आणि ज्याचा कोड कंपनीपाशी राहून ग्राहकाला केवळ वापराचा परवाना मिळतो तो मालकीचा, एवढा फरक ध्यानात ठेवला तरी पुढील उत्तरे समजण्यास अडचण येणार नाही.

प्रश्न : इतवारीत आमचे मसाल्याचे घाऊक दुकान आहे. चार संगणक आहेत आणि चारही विंडोज १० वर चालतात. मायक्रोसॉफ्ट ऑफिस सीताबर्डीच्या एका दुकानदाराने टाकून दिलेले आहे, त्याचे बिल नाही. आता तोच दुकानदार सांगतो की विंडोज १० चा आधार संपला आहे आणि या मशीनवर विंडोज ११ चालणार नाही, म्हणून चारही मशीन बदला आणि ऑफिसचे दरवर्षीचे सबस्क्रिप्शन घ्या. मुलगा म्हणतो, सगळीकडे विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत प्रणाली टाकू, एक रुपया लागणार नाही. हिशेबाच्या टॅलीशिवाय आमचा एक दिवस निघत नाही. कोणाचे ऐकावे? (एक घाऊक व्यापारी, इतवारी)

उत्तर : दोघांचेही अर्धेच ऐकावे. मात्र त्याआधी बिल नसलेल्या ऑफिसचा प्रश्न निकाली काढणे आवश्यक आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी किंवा नफ्यासाठी नसेल तरच न्यायालयाला कैद टाळून ५०,००० रुपयांपर्यंतच्या दंडावर भागवता येते, आणि आपले दुकान त्या सवलतीत बसत नाही. बिल नाही हे आपण स्वतःच लिहून कळवले असल्यामुळे आपल्याला ते माहीत नव्हते असे म्हणण्याची सोयही आता उरलेली नाही. कायदा बाजूला ठेवला तरी क्रॅक केलेल्या प्रती बहुधा अपडेट बंद ठेवूनच चालवल्या जातात, आणि त्याची किंमत मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसच्या वेळी जगभर मोजावी लागली. त्या हल्ल्याने ज्या त्रुटीचा फायदा घेतला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती; ज्यांच्या संगणकांवर ती पोहोचली नव्हती ते सापडले.

लिबरऑफिस हे ऑफिसच्या जागी वापरता येणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर विंडोजवरही चालते, त्यामुळे ऑफिस बदलण्यासाठी लिनक्सची वाट पाहण्याचे कारण नाही. दरपत्रके, पत्रव्यवहार आणि उधारीच्या याद्या यांसाठी ते पुरेसे आहे. त्यातल्या कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्रामच्या एका पानावर एक्सेलइतक्याच, म्हणजे १०,४८,५७६ ओळी मावतात. दुसऱ्याकडून आलेल्या पत्राची मांडणी विस्कटली, तर दोष बहुधा फॉन्टचा असतो. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो हा मोकळा फॉन्ट बसवला की अक्षरांची रुंदी तीच राहते आणि पाने जागेवर येतात. खरी अडचण मॅक्रोंची, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेल्या छोट्या प्रोग्रामांची आहे. प्राप्तिकर विवरणपत्रासाठी मिळणाऱ्या एक्सेल फाइलसारख्या, आत मॅक्रो असलेल्या फाइल लिबरऑफिसमध्ये नीट चालतीलच असे नाही. तेवढ्यासाठी एकाच मशीनवर परवान्याचे एक्सेल घेतले की काम भागते.

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला ही दुकानदाराची माहिती खरी आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, हेही खरे आहे. त्यावरून चारही यंत्रे भंगारात काढावी लागतात हा निष्कर्ष मात्र दुकानदाराचा आहे, तंत्राचा नाही. ज्या यंत्रावर फक्त ईमेल, पत्रे आणि दरपत्रके होतात ते ४ जीबी मेमरीवरही लिनक्सच्या मिंट या आवृत्तीसह व्यवस्थित चालेल. तिथे मुलाला मोकळीक द्यावी.

टॅलीला मात्र हात लावू नये आणि तिच्या मशीनवर विंडोजच ठेवावे, तेही परवान्याचे. आपले मुनीम त्याच पद्धतीने एंट्री करतात, आपल्या सीएंना डेटा त्याच रूपात हवा असतो, आणि विवरणपत्र बिघडल्यास निस्तरायचे त्या दोघांनाच आहे. मुंबईच्या फ्रापे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे हिशेब आणि व्यवसाय सांभाळणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर दर्जाने कुठेही कमी नाही आणि जीएसटीसाठी त्याला स्वतंत्र मुक्तस्रोत जोडही आहे. परंतु ते उभे करायला आणि उभे ठेवायला जाणकार माणूस लागतो, त्याचा पगार लागतो, आणि एका मुनिमाच्या दुकानाला तो आज परवडणार नाही. फर्मची पुढे प्रायव्हेट लिमिटेड करणार असाल तर १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणारी व्यवस्था बंधनकारक आहे, याची आधी चौकशी करावी. दर मार्चअखेर खातेवही आणि साठ्याची यादी एक्सेलमध्ये काढून वेगळ्या डिस्कवर ठेवण्याची सवय लावल्यास परवान्याचे नूतनीकरण असो वा नसो, आपली जुनी वर्षे आपल्याला वाचता येतील.

जाता जाता, पत्रात आपण झोहो भारतीय असल्याने ते ओपन सोर्सच असावे असे गृहीत धरले आहे. कंपनी भारतीय आहे, पण तिचे ऑफिस सॉफ्टवेअर मालकीचेच आहे. घ्यायचे असल्यास जरूर घ्यावे, पण मालकीचे म्हणूनच त्याचा हिशेब करावा.

प्रश्न : महालात आमचा छपाईचा व्यवसाय आहे. लग्नपत्रिका, संस्थांच्या स्मरणिका आणि एखादा दिवाळी अंक अशी कामे असतात. सर्व मजकूर पेजमेकर या पाने लावण्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहे. ग्राहक आता मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, तो पेजमेकरमध्ये चिकटवला की नुसत्या चौकटी उमटतात, म्हणून पुन्हा टाइप करावा लागतो. त्याच कामासाठी इनडिझाइनचे भाडे भरावे, की स्क्रायबस हे मोफत सॉफ्टवेअर घ्यावे? (एक मुद्रक, महाल)

उत्तर : आपला प्रश्न सॉफ्टवेअरचा आहे असे वरवर दिसते, प्रत्यक्षात तो मजकूर कोणत्या रूपात साठवला आहे याचा आहे, आणि तो न सोडवता कोणतेही सॉफ्टवेअर घेतले तरी पैसे वायाच जातील. जुन्या फॉन्टांमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. फाइलमध्ये प्रत्यक्षात रोमन अक्षरेच असतात आणि त्यांना मराठी रूप देतो तो फक्त फॉन्ट. म्हणून तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर आपली स्मरणिका अगम्य इंग्रजी अक्षरांची रास होऊन बसते. शिवाय प्रत्येक कंपनीने ही चित्रे आपापल्या क्रमाने बसवल्यामुळे एका फॉन्टचा मजकूर दुसऱ्यात उघडत नाही. युनिकोड या सर्व लिप्यांसाठीच्या जागतिक पद्धतीत देवनागरीला स्वतःच्या १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा आहे, आणि फोनवर लिहिलेला सर्व मराठी मजकूर त्याच पद्धतीत साठतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, ही २००१ सालची आहे आणि युनिकोड देवनागरी तिला जमत नाही. चौकटी उमटतात त्या म्हणून.

तेव्हा पहिले काम रूपांतराचे. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक उपलब्ध आहेत, पण प्रत्येक फॉन्ट-कुटुंबाला त्याचाच परिवर्तक लागतो, आणि आलेला मजकूर तपासल्याशिवाय छापू नये. जुन्या पद्धतीत अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठत. ‘किती’मधली पहिली वेलांटी ‘क’च्या आधी आणि ‘कर्म’मधला रफार ‘म’च्या नंतर. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठतात. हा क्रम उलटवताना परिवर्तक चुकतात, विशेषतः वेलांटी आणि रफार एकाच अक्षरावर आले की, आणि ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतल्या अर्ध्या ‘ऱ’पाशी तर हमखास. मुद्रितशोधकाला एवढ्या जागा आधी सांगून ठेवल्या तर त्याचा वेळ वाचेल.

सर्व जुनी कपाटे एकदम उपसण्याची गरज नाही. पत्रिकांचे नेहमीचे मायने, मंगलाष्टके, दरवर्षी परत येणाऱ्या संस्थांची घटना, कार्यकारिणी आणि अहवालाचे साचे एवढे आधी युनिकोडमध्ये आणावे. उरलेल्या पेजमेकर फाइलींची जुना संगणक चालू आहे तोवर पीडीएफ करून घ्यावी. तो संगणक बंद पडल्यावर त्या फाइली उघडणे अतिशय जिकिरीचे होईल.

आता सॉफ्टवेअर. स्क्रायबसने देवनागरी जोडाक्षरे नीट जुळवण्याची क्षमता आपल्या १.६ या स्थिर आवृत्तीत, म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये दिली. त्यापूर्वीचा अनुभव सांगून कोणी नाक मुरडत असेल तर त्याचे म्हणणे त्या काळापुरते खरे होते. छपाईच्या चार शायांचे सीएमवायके रंग आणि छपाईयोग्य पीडीएफ या दोन्ही गोष्टी त्यात आहेत. आपली प्लेट काढून देणारा पीडीएफ स्वीकारत असेल, तर येती स्मरणिका स्क्रायबसमध्ये करून पाहावी आणि इनडिझाइनचे भाडे तूर्त भरू नये. इनडिझाइन घेतलेच तर त्यातील वर्ल्ड-रेडी कंपोझर ही अक्षरजुळणीची पद्धत निवडण्यास विसरू नये, नाहीतर जोडाक्षरे सुटी पडतात आणि दोष मात्र फॉन्टला दिला जातो.

लग्नपत्रिकांच्या बाबतीत माझा सल्ला उलटा आहे. त्या धंद्यात नक्षी, चौकटी आणि फ्लेक्सवाल्याकडे जाणारी फाइल हे सगळे कोरलड्रॉमध्ये असते. इंकस्केप हे चित्रे काढण्याचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर ती फाइल उघडते, परंतु छटा, छाया आणि अक्षरांच्या जागा जशाच्या तशा येतील याची खात्री नसते, आणि वधूपित्याला हे कारण सांगून चालणार नाही. कोरल ठेवावे, परवान्यासह.

मराठी मुद्रकाला मुक्तस्रोत चळवळीकडून मिळालेला सर्वांत मोठा लाभ, माझ्या मते, फॉन्टांचा आहे, आणि त्याची चर्चा मात्र होत नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बलू, तसेच टिरो देवनागरी मराठी, हे सर्व ओपन फॉन्ट लायसन्सखाली असल्यामुळे व्यावसायिक छपाईसाठीही वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वाचकांना हवा असतो, हिंदी वळणाचा डोळ्यांना खुपतो. टिरोच्या मराठी आवृत्तीत तो मुळातच मराठी वळणाचा आहे.

प्रश्न : मी नागपुरात वकिली करते. माझा कनिष्ठ सहकारी अर्ज लिबरऑफिसमध्ये तयार करतो. न्यायालयासारख्या ठिकाणी असे फुकटचे सॉफ्टवेअर वापरणे योग्य दिसेल का, अशी शंका एका ज्येष्ठ वकिलांनी काढली. (एक वकील, सिव्हिल लाइन्स)

उत्तर : ज्येष्ठांना आदरपूर्वक सांगावे की जिल्हा न्यायालयांतील प्रकरणांची नोंद ज्या सीआयएस प्रणालीत होते ती पुण्याच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने मुक्तस्रोत पायावरच तयार केली आहे, आणि ई-कोर्ट प्रकल्पात न्यायाधीशांना दिलेल्या संगणकांवर उबंटू लिनक्स घालण्यात आले होते. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देणारे धोरण स्वीकारले. शिवाय ई-फायलिंगला पीडीएफ जाते आणि ती कशात तयार झाली हे तिथे कोणी पाहत नाही.

दोन ठिकाणी सावध राहावे. करारनाम्याचा मसुदा दोन कार्यालयांमध्ये दुरुस्त्यांच्या खुणांसह पुन्हा पुन्हा ये-जा करणार असेल, तर दोन्ही बाजूंना एकच प्रोग्राम असावा. वर्ड आणि लिबरऑफिसचे रायटर यांच्यामध्ये परिच्छेदांचे क्रमांक घसरतात, आणि कलम ७.२ चे ७.३ होणे आपल्या व्यवसायात किरकोळ नाही. दुसरे, संगणक लिनक्सवर नेणार असाल तर आपले डिजिटल सहीचे टोकन त्यावर चालते का, हे दाखल करण्याच्या शेवटच्या दिवशी नव्हे, आधी तपासावे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेसाठी नवे सॉफ्टवेअर घ्यायचे आहे. संचालक मंडळात वाद आहे. ज्याचा कोड सगळ्या जगाला दिसतो ते चोरालाही दिसते, मग आम्ही ठेवीदारांचा पैसा त्यावर कसा सोपवावा, असे काहींचे म्हणणे आहे. (पतसंस्थेचे व्यवस्थापक, नागपूर)

उत्तर : चोराला दिसते हे खरे आहे. मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेले एक्सझेड प्रकरण त्याहूनही पुढचे होते. जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असणाऱ्या या छोट्या साधनात एका व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ मदतनीस म्हणून विश्वास संपादन केला आणि मग चोरदरवाजा बसवला. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. दूरच्या संगणकावर लॉग-इन होण्यास नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो, या कुतूहलापोटी तो खोदत गेला आणि कोड उघडा असल्यामुळे मुळापर्यंत पोहोचू शकला. बंद कोडमध्ये त्याला फक्त कंपनीकडे तक्रार करता आली असती.

उलट बाजूही पाहावी. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले आणि आपल्याकडील काही विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. ते सॉफ्टवेअर मालकीचे होते.

संचालकांना याहून महत्त्वाची एक गोष्ट सांगायला हवी. आपण विकत घ्याल त्या मालकीच्या सॉफ्टवेअरच्या पोटातही मुक्तस्रोत भाग असण्याची दाट शक्यता आहे. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या मुक्तस्रोत घटकात गंभीर त्रुटी सापडली तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांची विकतची उत्पादने तिच्यामुळे धोक्यात आली, कारण त्यांनी तोच घटक आत वापरला होता. म्हणून मंडळाने विक्रेत्याला विचारावे की तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणते घटक आहेत, त्यांची यादी द्याल का, आणि एखाद्यात त्रुटी सापडली तर किती दिवसांत दुरुस्ती द्याल. अशा यादीसाठी सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संगणक-सुरक्षा संस्थेने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचनाही काढल्या आहेत, त्यामुळे ही मागणी अवाजवी नाही.

करारात आणखी एक कलम घालून घ्यावे. विक्रेत्याने सोर्स कोडची अद्ययावत प्रत तटस्थ तिसऱ्या पक्षाकडे ठेवावी आणि त्याने व्यवसाय बंद केल्यास ती पतसंस्थेला मिळावी. पतसंस्थांना सॉफ्टवेअर पुरवणारे पुष्कळदा लहान असतात, आणि मालकच गाव सोडून गेला तर ठेवींची आकडेमोड कोण करणार? या कलमाला विक्रेत्याने साफ नकार दिला तर मी त्याच्याशी पुढची बोलणी करणार नाही. सर्व खातेदारांची माहिती साध्या, उघडता येण्याजोग्या स्वरूपात कधीही काढून मिळेल, हेही लेखी घ्यावे.

प्रश्न : मी भूमापनाची कामे घेतो. रेखाचित्रांच्या ऑटोकॅडचे भाडे दरवर्षी भरणे जड जाते. पूर्वी एकदा पैसे भरले की सॉफ्टवेअर कायमचे मिळत असे. क्यूजीआयएस हे नकाशांचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर शिकून ऑटोकॅड सोडता येईल का? (एक भूमापक, हिंगणा रोड)

उत्तर : कायमचा परवाना देणे ऑटोकॅडच्या कंपनीने जानेवारी २०१६ अखेर बंद केले, आणि तो परत येण्याची चिन्हे नाहीत. तरीही क्यूजीआयएस हा ऑटोकॅडचा पर्याय नाही. दोघांची कामे वेगळी आहेत. सर्वेक्षणाचे बिंदू, उपग्रहचित्रे, शेतांच्या हद्दी, क्षेत्रफळ आणि रंगीत नकाशे हे क्यूजीआयएसचे घर आहे आणि तिथे मी ऑटोकॅडपेक्षा त्यालाच पसंती देईन. इमारतीचे बारकावे आणि मोजमापांसह रेखाचित्र हे ऑटोकॅडचे. मुक्तस्रोत लिबरकॅड द्विमितीय कामे करते, ऑटोकॅडची डीडब्ल्यूजी फाइल वाचतेही, पण त्या स्वरूपात लिहून देत नाही. ती डीएक्सएफ या देवाणघेवाणीच्या स्वरूपात लिहिते. म्हणून आधी आपल्या नेहमीच्या तीन-चार वास्तुविशारदांना आणि कार्यालयांना विचारावे की डीएक्सएफ चालेल का. चालत असेल तर भाडे थांबवता येईल. डीडब्ल्यूजीच हवी असेल तर एकच परवाना ठेवून बाकीची यंत्रे मोकळी करावीत.

क्यूजीआयएस सुरू करताना विदर्भातल्या माणसाला एक अडचण येते, जी पुण्या-मुंबईच्या शिकवणीत सांगितली जात नाही. त्या शिकवण्यांमध्ये यूटीएम या पृथ्वीचे उभे पट्टे पाडणाऱ्या नकाशा-पद्धतीचा विभाग ४३ निवडायला सांगतात. पण विभाग ४३ आणि ४४ यांची सीमा असलेले ७८ अंश रेखावृत्त विदर्भातूनच जाते. अकोला आणि अमरावती शहरे त्याच्या पश्चिमेला, म्हणजे विभाग ४३ मध्ये पडतात, तर वर्धा आणि नागपूर विभाग ४४ मध्ये. आपल्या कामासाठी डब्ल्यूजीएस ८४ या जीपीएसच्या मोजणी-पायावरचा विभाग ४४ उत्तर, म्हणजे क्यूजीआयएसच्या यादीतला ईपीएसजी कोड ३२६४४, निवडावा. अमरावती शहराकडचे काम आल्यास तो प्रकल्प वेगळा ठेवून ३२६४३ घ्यावा, आणि दोन्हींचे थर एकाच नकाशावर आणण्यापूर्वी प्रत्येक थराचा कोड तपासून घ्यावा.